इथर विकून सोलाना घ्यावं का?

प्रश्न: मी नाशिकला नोकरी करतो, वय ३६, घरात आम्ही चौघं. १ लाख २० हजारांना घेतलेल्या इथरचे (इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कचं कॉइन) आज २ लाख झालेत. मित्र म्हणतो, इथेरियम संथ आणि महाग, पुढचा काळ सोलाना या दुसऱ्या क्रिप्टो नेटवर्कचा. इथर विकून सोलाना घ्यावं आणि पुढच्या महिन्यात मुदत संपणारी ३ लाखांची एफडीही त्यातच टाकावी, असं मनात आहे. पीएफ आणि म्युच्युअल फंडात मिळून ९ लाख आहेत. अडीअडचणीसाठी म्हणून एवढी एफडीच.

उत्तर: एफडीला हात लावू नका आणि अदलाबदलही करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेगाबद्दल तुमचा मित्र खोटं बोलत नाही. इथेरियमच्या मूळ साखळीवर दर १२ सेकंदांनी ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, तयार होतो, सोलानावर साधारण ०.४ सेकंदात. पण या वेगाची किंमत मोजावी लागते. सोलानाचा व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहार तपासणारा संगणक, चालवायला २५६ जीबी किंवा त्याहून जास्त रॅमचं तगडं मशीन लागतं, म्हणून तो घरी कोणी चालवत नाही. इथेरियमचा व्हॅलिडेटर साध्या कॉम्प्युटरवर चालतो. ३२ इथर अडकवावे लागतात ही अट मात्र सामान्य माणसाला झेपणारी नाही, हेही खरं. सोलाना सप्टेंबर २०२१मध्ये सुमारे १७ तास आणि फेब्रुवारी २०२४मध्ये सुमारे ५ तास पूर्ण बंद पडलं होतं. इथेरियम २०१५पासून असं कधी ठप्प झालेलं नाही. पण त्याचे स्वस्त व्यवहार आता मूळ साखळीवर बांधलेल्या बेससारख्या वरच्या थरांवर, म्हणजे वेगळ्या नेटवर्कांवर, होतात, आणि तिथे व्यवहारांचा क्रम एकच कंपनी ठरवते. म्हणजे विकेंद्रीकरण, नियंत्रण अनेकांच्या हाती असणं, तिथेही पातळ होतंच. नुसता वेग हवा असेल तर आपल्याकडे यूपीआय आहेच.

तुमच्या पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. नेटवर्क सुधारलं म्हणून कॉइनचा भाव वाढतोच असं नाही. ऑगस्ट २०२१पासून इथेरियमवरच्या व्यवहार शुल्काचा काही भाग नष्ट केला जातो, त्यामुळे इथरचा पुरवठा आटोक्यात राहतो. मार्च २०२४च्या सुधारणेने वरच्या थरांचं शुल्क एकदम उतरलं, वापरणाऱ्यांची सोय झाली. पण असं नष्ट होणारं इथर कमी झालं आणि पुरवठा पुन्हा वाढू लागला. सोलानाचंही तसंच. नोव्हेंबर २०२१मध्ये २५० डॉलरच्या वर असलेला भाव डिसेंबर २०२२मध्ये १० डॉलरच्या खाली आला. नेटवर्क काही तेवढ्या पटीने मंदावलं नव्हतं. सगळाच बाजार पडत होता, त्यात सोलानाचा मोठा साठा बाळगणारं एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज बुडालं.

आता कर बघा. एक कॉइन देऊन दुसरा घेतला तरी तो विक्रीच धरला जातो. तुमच्या ८० हजारांच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे २४,९६० रुपये. १ टक्का टीडीएस कापला जाईल, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. हा कर कधी ना कधी भरायचाच आहे, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण आज नफा नोंदवून कर भरलात आणि उद्या सोलाना पडलं, तर तो तोटा कशातूनही वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. नफ्यात सरकारचा वाटा, तोटा मात्र सगळा तुमचा.

तुमच्या १४ लाखांत क्रिप्टो आत्ताच १४ टक्के आहे. एफडी घातलीत तर ते ३६ टक्क्यांच्या आसपास जाईल, आणि चौघांच्या घरात दवाखान्यासाठीही हाताशी काही उरणार नाही. नोकरी गेली आणि बाजार पडलेला असला, तर पडत्या भावात विकण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.

सोलानाच्या तंत्रावर विश्वास बसलाच असेल, तर पगारातून महिन्याला हजार-दीड हजार घाला, तेही घरखर्च आणि एसआयपी भागल्यावर. एफडी एका वर्षासाठी पुन्हा ठेवा, एकच तीन लाखांची न ठेवता एकेक लाखाच्या तीन ठेवा. गरज पडली तर एकच मोडावी लागेल.