दोन्ही कानांना मशीन आहे, इंग्लंडमधल्या कंपनीला कधी सांगावं?

तुम्ही विचारलंत: ऐरोलीला राहते, महापेला नोकरी, दोन्ही कानांना मशीन, आता इंग्लंडची ऑफर आलीय, तर कमी ऐकू येतं हे तिथे सांगावं का, की आधी रुजू व्हावं? मी मूळची ठाण्याची, माझ्याही दोन्ही कानांना मशीन, नोकरी मँचेस्टरला. म्हणून सविस्तर लिहिते.

आताच सांगा, आणि ईमेलवर सांगा. इथे २०१० चा इक्वॅलिटी अॅक्ट, म्हणजे समानतेचा कायदा आहे. कंपनीला कळलं की वाजवी सोयी करून देणं तिच्यावर बंधनकारक असतं आणि तो खर्च तुमच्याकडून घेता येत नाही. अपंगत्व ठरवायला आपल्याकडे यूडीआयडी कार्डावरचे, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावरचे टक्के बघतात. इथे टक्के नाहीत. मशीन नसताना रोजच्या व्यवहारात किती अडतं आणि ते किमान वर्षभर टिकणारं आहे का, हे पाहतात. त्यामुळे ‘मशीन लावल्यावर ऐकू येतं ना’ असं कोणी म्हणालं, तर गप्प बसू नका. ताजा ऑडिओग्राम, म्हणजे कानांच्या तपासणीचा आलेख, मात्र सोबत आणा.

‘सांभाळून घ्या’ एवढंच लिहू नका. मीटिंगमध्ये मान डोलवायची आणि नंतर शेजारच्याला विचारायचं, ही सवय आपल्याला फार लागलेली असते. इथे नेमकं मागा. प्रत्येक कॉलला लाइव्ह कॅप्शन (बोलणं चालू असतानाच पडद्यावर उमटणारी अक्षरं), विषयांची यादी आदल्या दिवशी, फायर अलार्मसाठी थरथरणारा पेजर. खिडकीकडे पाठ येईल अशी जागा मागा, म्हणजे समोरच्याच्या ओठांवर उजेड पडतो. इथल्या उच्चारांमुळे सुरुवातीला ओठ वाचणं जड जातं, तेव्हा कॅप्शनवर अजिबात तडजोड नको.

अॅक्सेस टू वर्क ही सरकारी योजना खुणांच्या भाषेचे दुभाषी, बोलणं टाइप करून देणारी माणसं, उपकरणं यांसाठी पैसे देते. ते परत करायचे नसतात. पण निर्णयाला महिने लागतात. तोवर कंपनीची जबाबदारी थांबत नाही, हे तिला लेखी कळवा.

घाईघाईने नवं महागडं मशीन घेऊ नका. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलात की इथल्या एनएचएसकडून, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडून मशीन वापरायला मिळतं, बॅटऱ्याही मोफत. आताच्या मशीनमध्ये टेलिकॉइल (लूपमधून येणारा आवाज पकडणारी छोटी कॉइल) असेल तर निघण्याआधी ऑडिओलॉजिस्टकडून ते चालू करून घ्या. बँका, थिएटर, तिकीट खिडक्यांवर कान आणि ‘टी’ची खूण दिसली की तिथे लूप, म्हणजे आवाज टेलिकॉइलकडे पाठवणारी तार असते आणि आवाज थेट मशीनमध्ये येतो.