स्वतःवर खर्च केला की अपराधी वाटतं

घरात पहिल्यांदाच कायमची नोकरी लागलेली मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा ही तक्रार हमखास असते.

हिंजवडीत आयटी कंपनीत काम करणारा एक तरुण त्यासाठीच आला होता. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) आईवडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर निघायचे, ते उन्हाच्या तोंडाशी परतायचे. हा आजीपाशी राहून शिकला. आता ऑफिसातल्या मित्रांबरोबर कॉफी प्यायला गेला की डोक्यात हिशोब सुरू. 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तरी टनाला 366 रुपयेच. अडीचशेची कॉफी म्हणजे जवळजवळ सातशे किलो ऊस. तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रकमध्ये भरायचा. "घोट घशाखाली उतरत नाही, मॅडम."

त्याचं गणित मला खोडायचं नव्हतं, ते बरोबरच होतं. पण इतक्या राबण्याला एवढंच मोल मिळतं, याची लाज दर ठरवणाऱ्यांना वाटायला हवी. ती हा पोरगा वाहत होता.

घरी निम्मा पगार पाठवत होता. मी विचारलं, "मुकादमाची बाकी किती आहे?" त्याला माहीतच नव्हतं. मुकादम म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार; त्याच्याकडून हंगामाआधी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटली नाही की बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि नवरा-बायकोचा 'कोयता' (तोडणीत जोडीला हेच म्हणतात) पुन्हा त्याच्याशी बांधला जातो. या मुलानं पाठवलेले पैसे घरावरच्या पत्र्याला, बहिणीच्या लग्नाला, भावकीतल्या कार्यांना गेले होते. बाकी तशीच.

अशा घरांत मुलगा पोटाला चिमटा घेऊन पाठवतो, बाप कर्ज लपवतो, आणि दोघंही एकमेकांना जपत असतात. त्यानं माझ्यासमोरच फोन लावला. "तुला कशाला ताप, म्हणून नाही बोललो," वडील म्हणाले.

मग ठरलं : आधी बाकी फेडायची, घरखर्चाला नेमकी रक्कम द्यायची आणि दरमहा थोडे पैसे स्वतःसाठी ठेवायचे, ज्यांचा हिशोब टनात करायचा नाही. हे शेवटचं त्याला सगळ्यात जड गेलं. अजूनही जातं.

गेल्या हंगामात आई गावीच राहिली. वडील मात्र अर्धा कोयता म्हणून, म्हणजे एकटेच, गेले; टोळीतल्या माणसांना सोडून कसं राहू, म्हणाले. त्यावरून बापलेकांचं फोनवर भांडण चालू आहे. ते दोघं भांडू लागलेत, याचं मला खरंच समाधान आहे.