लघवीला आग होते, मग संशय कुणावर?

“ताई, लघवीला आग होतेय, म्हणजे ह्यांचं बाहेर काही असेल का?”

दांपत्य समुपदेशनात हा प्रश्न मला अनेकदा ऐकायला मिळतो. कधी बायको नवऱ्याबद्दल विचारते, कधी नवरा बायकोबद्दल. त्यातलीच एक हकीकत सांगते. ओळख पटेल असं सगळं तिच्यातून काढून टाकलं आहे.

ती तिशीतली होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि वेगळं होण्याचा विचार मनात घेऊन आली होती. बराच वेळ घरातल्या अबोल्याबद्दल बोलली. उठायची वेळ झाली तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर आली. संबंध आला की एक-दोन दिवसांत जळजळ सुरू होते. लग्नाआधी असं कधीच झालं नव्हतं. मग हे आलं कुठून?

मी तिला पुन्हा बसवलं आणि सविस्तर विचारलं. सारखी घाईची लागते, गेलं तर थेंबभर होते, परत आलं की पुन्हा लागल्यासारखं वाटतं. ओटीपोटात ठणकतं. मागच्या खेपेला लघवी लालसरही झाली होती. सारखं उठावं लागू नये म्हणून कामावर असताना तिने पाणी पिणं जवळजवळ बंद केलं होतं. आधीच्या औषधातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दोन दिवस घ्यायची आणि आग थांबली की सोडून द्यायची. डॉक्टरांकडे गेली होती, पण शेजारी घरचं माणूस बसलेलं. त्यामुळे “खाली थोडा त्रास होतो,” एवढंच सांगून आली होती. एवढ्यावरून डॉक्टर तरी काय तपासणार?

निदान करणं माझं काम नाही. पण निदानापर्यंत माणसाला पोचवणं नक्कीच माझं काम आहे. आम्ही दोघींनी मिळून एका कागदावर लिहिलं: त्रास कधी सुरू होतो, संबंधांशी त्याचा काय मेळ आहे, रक्त दिसलं का, कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, पाळी वेळेवर आहे का. तोंडाने सांगवलं नाही तर हा कागद पुढे करायचा. आणि नवी गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना द्यायचा. सुरुवातीची धार सोडून मधली धरायची, नाहीतर बाहेरचे जंतू मिसळून अहवाल फसवा येतो.

तिच्या मूळ प्रश्नाला मी टाळलं नाही. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा असतो, पुरुषाचा सुमारे २० सेंटिमीटरचा. शिवाय स्त्रीच्या शरीरात त्याचं तोंड योनी आणि गुदद्वाराच्या अगदी जवळ असतं. आपल्याच आतड्यात राहणारे ई. कोलाय नावाचे जंतू संबंधांच्या वेळी आत ढकलले जातात आणि मूत्राशयापर्यंत सहज पोचतात. जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. म्हणजे संबंधांनंतर उन्हाळी लागली, एवढ्यावरून कुणाच्याही वागणुकीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

पण “तसलं काही नसणारच,” असंही मी म्हटलं नाही. क्लॅमिडिया आणि गनोरिया या संबंधांतून पसरणाऱ्या आजारांतही जळजळ होते, आणि क्लॅमिडिया तर पुष्कळ स्त्रियांमध्ये लक्षणांशिवाय राहतो. खोटा दिलासा दिला असता तर संशय मनातच राहिला असता. “डॉक्टरांनी दोघांची तपासणी सांगितली आहे,” असं घरी म्हणता येतं, त्यात आरोप नसतो. नवऱ्यानेही कुरकुर न करता नमुना दिला.

कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, अहवाल दोन दिवसांनी आला. ई. कोलाय निघाले, बाकी सगळं ठीक. डॉक्टरांनी गरोदर नसल्याची खात्री करून घेतली, कारण औषध त्यावर ठरतं, आणि ५ दिवसांचा कोर्स दिला. अर्धवट गोळ्यांचा खेळ बंद झाला.

नंतरच्या भेटीला तो सोबत आला. त्याचा पहिला प्रश्न होता, “मलाही गोळ्या घ्याव्या लागतील का?” साध्या मूत्रसंसर्गात जोडीदाराला औषध लागत नाही, लैंगिक आजार निघाला तर मात्र दोघांनाही लागतं. मग तो हळूच म्हणाला, “मला वाटत होतं, हिला मीच नकोसा झालोय.” ती दुखतं म्हणून लांब राहत होती आणि तो नाकारल्यासारखा गप्प झाला होता. त्याच्या त्या गप्प राहण्यातच तिला अपराध दिसत होता. ‘आज दुखतंय’ हे तीन महिने कुणी मोठ्याने म्हटलंच नव्हतं.

पाण्याबद्दलही बोललो. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवरची एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. रोज दीड लिटर जास्त पाणी पिणाऱ्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. संबंधांनंतर लघवी करून यावं, शुक्राणुनाशक वापरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगावं, कारण त्याने संसर्गाचा धोका वाढतो.

काही आठवड्यांनी ती घाबरून परत आली. पुन्हा आग! या वेळी कल्चर स्वच्छ निघालं आणि तिला वाटलं, आता सगळे म्हणणार हिच्या मनाचेच खेळ आहेत. या टप्प्यावर बायका एकट्या पडतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. अहवाल स्वच्छ आला म्हणून वेदना खोटी ठरत नाही. नीट विचारल्यावर कळलं, या वेळी घाई नव्हती, ठणका नव्हता. लघवी बाहेरच्या त्वचेला लागली की चरचरत होतं. संसर्गाच्या धास्तीने ती सुगंधी वॉशने दिवसातून चार-पाचदा धूत होती. डॉक्टरांनी तो बंद करून नुसतं पाणी वापरायला सांगितलं आणि आठवड्याभरात चरचर गेली. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत कारण मुतखडा असेल, बुरशीचा संसर्ग असेल, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा असेल. मूत्राशय भरत जाईल तसं दुखणं वाढतं आणि लघवी झाली की उतरतं, असं महिनोन्‌महिने चाललं असेल तर तेही तसंच सांगावं. तो निराळा आजार असतो आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही.

निघताना तिने विचारलं, “पुन्हा झालं तर?”

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर डॉक्टरांशी प्रतिबंधाच्या उपचारांबद्दल बोलायचं. थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीत दुखणं, उलट्या, यातलं काहीही जळजळीसोबत आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असू शकतो. गरोदरपणात, लहान मुलांना किंवा पुरुषाला लघवीला जळजळ झाली तर ताप येण्याचीही वाट पाहायची नाही.