जेलच्या स्टाफची चौकशी करायचं करिअर असतं का?

आधी पत्र थोडक्यात: "माझे मिस्टर कारागृहात हवालदार आहेत. त्यांच्या ड्युटीत बॅरकमध्ये मोबाईल सापडला म्हणून सस्पेंड केलं, मग विभागीय चौकशी लागली ती संपतच नव्हती, शेवटी आरोप सिद्ध झाला नाही, पण तोवर घराची पार वाट लागली. मुलगी आता लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि म्हणते मला हेच काम करायचंय, जेलच्या स्टाफवर आरोप झाले की त्याची नीट चौकशी. अशी नोकरी असते का? मिस्टरांना पटत नाही, म्हणतात आपल्याच लोकांच्या विरोधात उभी राहणार का. — एक आई, विदर्भ"

ताई नमस्कार,

'जेल स्टाफ चौकशी अधिकारी' अशी थेट भरतीची पोस्ट माझ्या पाहण्यात नाही, पण हे काम आहे, रोज चालतं, आणि ते नीट येणारी माणसं फार कमी आहेत. तुमच्या मुलीने हा विषय निवडला याचा मला खरंच आनंद झाला. आणि तुमच्या मिस्टरांना माझा निरोप सांगा की ही मुलगी त्यांच्या विरोधात नाही तर त्यांच्याच बाजूने उभी राहतेय, कारण पहिल्याच आठवड्यात कोणी नीट कागद गोळा केले असते तर ते इतकी वर्षं लटकले नसते.

आता काम कसं असतं ते सांगते, मग मार्ग. आपल्याकडे सरकारी नोकराची शिस्त चालते महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम 1979 वर, जेलचा स्टाफही त्यातच येतो. ठपका ठेवणे, वेतनवाढ रोखणे या किरकोळ शिक्षा, त्याला नियम 10 ची छोटी प्रोसिजर. खालच्या पदावर आणणे, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढणे, बडतर्फी या जबर शिक्षा, त्यासाठी नियम 8 ची पूर्ण चौकशी, म्हणजे दोषारोपपत्र, चौकशी अधिकारी, सरकारच्या बाजूने सादरकर्ता अधिकारी, साक्षीदार, उलटतपासणी, अहवाल. शिवाय संविधानाचं कलम 311 आहेच, आरोप सांगून म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही, अपवाद अगदी मोजके. हे सगळं पुस्तकात मिळतं आणि मुलगी वाचेलच.

पुस्तकात मिळत नाही ते हे, की बहुतेक चौकश्या दोषारोपपत्राच्या पहिल्या ओळीतच बिघडतात. "आपण कर्तव्यात कसूर केली" एवढंच लिहिलेलं असतं. अहो पण कोणती कसूर? अमुक तारखेला अमुक बॅरकचा चार्ज घेताना झडती घेतली नाही, हा आरोप झाला, कारण तो तपासता येतो: ड्युटी वाटपाचं रजिस्टर, गेट रजिस्टर, झडतीचा पंचनामा, आधीच्या शिफ्टला कोण होतं, त्या दिवशी कॅन्टीनचा माल कोणाच्या सहीने आत आला. फोन काही आकाशातून बॅरकमध्ये पडत नाही (कधी कधी भिंतीवरून फेकलेला असतो, तेही तपासायचं असतं). पण सापडला त्या क्षणी जो ड्युटीवर तोच दोषी, असं धरून चाललं की खरा आणणारा सुटतो आणि तुमच्या मिस्टरांसारखा माणूस अडकतो. आणि सीसीटीव्ही, त्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते पहिल्या दोन-चार दिवसांतच लेखी मागून सील करून ठेवायचं, सहा महिन्यांनी मागितलं तर "उपलब्ध नाही" हेच उत्तर येणार.

दुसरी अवघड गोष्ट साक्षीदार. जेलमध्ये पाहणारा बहुतेक वेळा बंदीच (म्हणजे कैदी) असतो, आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्याकडेच बॅरकची चावी असते. मग कोण बोलेल? 2017 च्या जूनमध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात मंजुळा शेट्ये या शिक्षा भोगत असलेल्या बाईचा मृत्यू झाला, अंडी-पाव कमी आल्याचं तिने विचारलं म्हणून स्टाफने मारहाण केली असा आरोप झाला, सहा जणी सस्पेंड झाल्या, अटक झाली, आणि गुन्हा दाखल झाला तो आत असलेल्या दुसऱ्या बंदी बाईच्या तक्रारीवरून. तिने तोंड उघडलं नसतं तर? त्याआधी 1979 मध्ये तिहारमधल्या सुनील बात्रा नावाच्या बंद्याने सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना चिठ्ठी लिहिली होती की एक वॉर्डर (जेलचा पहारेकरी) दुसऱ्या बंद्याचा छळ करतोय, नातेवाईकांकडून पैसे काढायला. कोर्टाने ती चिठ्ठीच याचिका धरली, वकील तिहारमध्ये पाठवले, आणि त्या निकालातून जेलमध्ये तक्रारपेट्या, न्यायाधीशांच्या भेटी असं बरंच काही आलं. म्हणून चौकशी करणाऱ्याने बंद्याचा जबाब त्या स्टाफच्या नजरेआड घ्यायचा, लवकर घ्यायचा (कच्चा कैदी उद्या जामिनावर सुटला की सापडत नाही, त्याचा बाहेरचा पत्ता लिहून ठेवायचा), आणि बंदी आहे म्हणजे खोटंच बोलणार असं धरायचं नाही. उलटंही होतं हां, कडक झडती घेणाऱ्या शिपायाला हटवायला खोट्या तक्रारी होतात, दोन्ही डोक्यात ठेवावं लागतं. आणि माझं स्पष्ट मत, त्याच जेलच्या अधिकाऱ्याने त्याच जेलची चौकशी करूच नये, ज्याच्यासोबत रोज चहा घेतो त्याच्याविरुद्ध कोणी काय लिहिणार.

आता मार्ग. मुलगी लॉची आहे त्यामुळे कारागृह विभागातच शिरायचा हट्ट नको असं मला वाटतं. आतून वर जायचं तर अधिकारी म्हणून लागून बरीच वर्षं शिफ्ट, बंदोबस्त, गेट हे सगळं करावं लागेल, तेव्हा कुठे प्राथमिक चौकश्या हातात येतील. वाईट नाही ते, जेल आतून कळतं, पण मग घरातले दोघं एकाच खात्यात आणि तुमची धास्ती दुप्पट.

तिच्यासाठी मला जास्त बरा वाटतो तो वकिलीचा रस्ता. सरकारी नोकरांच्या सेवाविषयक केसेस मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) चालतात, मुंबई, नागपूर, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) अशी बेंच आहेत, तुम्हाला नागपूर जवळ. तिथे सर्व्हिस मॅटर करणाऱ्या सीनियरकडे बसली तर वर्षभरात शेकडो चौकश्यांच्या फायली नजरेखालून जातील. कुठे नोटीस दिली नाही, कुठे कागद दाखवले नाहीत, कुठे सस्पेंड करून दोषारोपपत्रच दिलं नाही. 2015 मध्ये अजयकुमार चौधरी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे ओढू नये, तरी घरोघरी माणसं निर्वाह भत्त्यावर (निलंबनात पगाराऐवजी मिळतो तो) बसलेली असतातच, पहिले तीन महिने अर्धपगारी रजेच्या पगाराइतका, तुम्ही तो भोगलाय, वेगळं काय सांगू.

त्यासोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून जेलला भेट देणारी वकील म्हणून नाव द्यायचं, म्हणजे बंद्यांची बाजूही कळेल. फक्त स्टाफची बाजू माहीत असलेली चौकशी अधिकारी मला नको आणि फक्त बंद्यांची माहीत असलेलीही नको.

पुढे न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर तेही याच कामाला लागतं. कोठडीत मृत्यू झाला की मॅजिस्ट्रेटची चौकशी असते, आता बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 196, आणि मानवाधिकार आयोगाला 24 तासांत कळवायचं असतं. जेएमएफसीची, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची, परीक्षा एमपीएससी घेते. सामाजिक कामाचा ओढा असेल तर मुंबईत टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) 'प्रयास' प्रकल्प कितीतरी वर्षं जेलमध्ये काम करतोय, तिथे इंटर्नशिपचं विचारून बघा.

शत्रू होतील का, हा तुमचा खरा प्रश्न पत्रात ओळींच्या मधे दिसतोय. होतील थोडे. ज्याची वेतनवाढ थांबते तो नाराज होणारच. पण चौकशी अधिकारी फक्त अहवाल देतो, शिक्षा शिस्तभंगविषयक प्राधिकारी, म्हणजे शिक्षेचा अधिकार असलेला वरिष्ठ, ठरवतो, आणि अहवालातल्या प्रत्येक वाक्याखाली कागद असेल तर त्याच्यावर बोट ठेवता येत नाही. कोणाला फसवलं नाही हे स्टाफला कळतं, उशिरा का होईना.

एक काम आत्ताच करा. मिस्टरांच्या चौकशीचे कागद असतील, दोषारोपपत्र, त्यांनी दिलेलं उत्तर, अंतिम आदेश, त्यांची तयारी असेल तर मुलीला वाचायला द्या, बापाने स्वतः समजावून सांगितलं तर फारच छान. आणि सनद (वकिलीचा परवाना) मिळाली की कोणत्या कोर्टात कधी कोणासाठी उभी राहिली याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवायला सांगा, कारण मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यायाधीशपदासाठी 3 वर्षं वकिलीची अट परत आणली आहे आणि ती दाखवायला तिथल्या प्रमुख न्यायाधीशांचा, किंवा त्यांनी दुजोरा दिलेला किमान 10 वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा दाखला लागतो, तेव्हा कोणत्या सीनियरकडे बसायचं हेही तो हिशोब धरूनच ठरवा.