लसूण लावायलाय? मग एवढं बघा
वैनी, घाई नको ओ. बेळगावचा परतीचा पाऊस पूर्ण थांबू दे, दिवाळीच्या आसपास लावला तरी चालतंय, ओल्या मातीत पाकळ्या कुजतात आणि मग लोक बियाण्याला नावं ठेवतात.

- गावठी गड्डा घ्या, बाहेरच्या जाड पाकळ्या तेवढ्या लावायच्या, बारक्या फोडणीला. सोलायचं अजिबात नाही.
- टोक वर, बोटाच्या एका पेराएवढं खोल, दोन पाकळ्यांत चार बोटं अंतर.
- वडगाव-शहापूरकडची काळी माती असंल तर पाणी धरून बसतंय, शेणखत मिसळून जरा उंच वाफा करा.

नवीन माणूस रोज पाणी मारतंय, तिथंच चुकतंय. वरची माती सुकली की मगच. शेणखत सोडून बाकीची खतं-औषधं आत्ता डोक्यात घेऊ नका. साधारण चार महिन्यांनी पात पिवळी पडली की पाणी बंद करायचं.