बर्मिंगहॅमहून आणलेली रोमन नाणी परत लंडनला पाठवू का?

प्रश्न: मी बरीच वर्षं बर्मिंगहॅमला नोकरीला होतो, तिथे जुन्या रोमन नाण्यांचा नाद लागला. ट्रेजन, हेड्रियन या रोमन सम्राटांचे चांदीचे डिनेरियस, कॉन्स्टंटाइनची तांब्याची नाणी आणि होनोरियसचा सोन्याचा एक सॉलिडस, असे चाळीसेक नग आहेत. 2018 ला कायमचा नाशिकला परत आलो तेव्हा हँडबॅगेतून आणले, विमानतळावर ग्रीन चॅनलमधून, म्हणजे 'कस्टम्सला सांगण्यासारखं काही नाही' वाल्या रांगेतून, बाहेर पडलो, कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता लंडनमधला मुलगा म्हणतो की इकडे ऑक्शनला चांगला भाव येईल, कुरियर करा. नाणी रोमची आहेत, त्यात भारताचा काय संबंध?

उत्तर: काका, कुरियर बुक केलं असेल तर आधी ते कॅन्सल करा, बाकीचं मग वाचा.

तुमचा मुद्दा तर्काला धरून आहे पण कायद्याला धरून नाही. आपला अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स अॅक्ट 1972 चा आहे आणि त्यातली व्याख्या सांगते की शंभर वर्षांहून जुनं कुठलंही नाणं म्हणजे अँटिक्विटी, पुरावस्तू. ते नाणं कुठे पाडलं, कोणत्या राजाचं आहे, याबद्दल व्याख्येत एक शब्द नाही. आणि कलम 3 प्रमाणे अँटिक्विटी देशाबाहेर फक्त केंद्र सरकार किंवा त्यांनी नेमलेली संस्थाच पाठवू शकते, तुम्ही-आम्ही नाही. मोडलं तर कमीत कमी 6 महिने, जास्तीत जास्त 3 वर्षं कैद आणि वर दंड. मुलगा सुट्टीला आला की दोन-दोन नाणी खिशातून नेईल हा विचारही सोडा, कायद्यात नगांची किमान मर्यादा नाहीये.

तुम्ही म्हणाल मी तर बाहेरूनच आणली. मान्य, पण हे सिद्ध कसं करणार? रोमन सम्राट टायबेरियसचे डिनेरियस कोइम्बतूरच्या आसपास मातीतून ढिगाने निघालेत, हिंदुस्थानच्या व्यापारात रोमचे दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणं) जातात असं रडगाणं रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच गायलंय. म्हणजे तुमच्या डबीतलं नाणं लिलावात घेतलेलं आहे की तामिळनाडूत शेत नांगरताना सापडलेलं आहे, हे नाण्याकडे बघून ऑफिसरला कळणार नाही. इथल्या मातीत सापडलेल्याला तर 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट, म्हणजे जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा, लागतो, तिथे कलेक्टरला कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून तुमच्या केसमध्ये सगळा खेळ कागदांचा आहे. जुन्या पावत्या, लिलावाचे ईमेल, कार्डाची स्टेटमेंट्स, घरी बर्मिंगहॅमला काढलेले तारखेसकटचे फोटो, जे असेल ते शोधा.

ग्रीन चॅनलचं प्रकरण मला जास्त खटकतंय, खरं सांगायचं तर. आणताना डिक्लेअर केलं असतं तर आज शिक्क्याचा एक कागद हातात असता. न सांगता आणलेला माल जप्त होऊ शकतो, आणि सॉलिडस सोन्याचा असल्यामुळे कस्टम्स अॅक्टचं कलम 123 आडवं येतं, म्हणजे स्मगलिंगच्या संशयावरून सोनं जप्त झालं तर ते स्मगलिंगचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. घाबरून स्वतःच कस्टम्सला कबुलीचं पत्र लिहू नका, कागद घेऊन कस्टम्सचं काम करणाऱ्या वकिलाला आधी भेटा, आणि आधी सॉलिडसची पावती शोधा.

आता काय करता येईल ते सांगतो. नाणी घरात ठेवणं गुन्हा नाही. सक्तीची नोंदणी मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा गोष्टींना आहे, नाण्यांना नाही. भारतात विकताही येतील, स्वतःचा संग्रह एकदा विकणं म्हणजे धंदा नाही, पण अँटिक्विटीचा धंदा करायला लायसन्स लागतं म्हणून विकायची तर लायसन्स असलेल्या ऑक्शनवाल्याकडेच द्या, आणि घेणारा परदेशातला असेल तरी माल देशाबाहेर जाणार नाही हे लेखी ठरवून घ्या. लंडनपेक्षा भाव कमी येईल, इथे रोमन नाण्यांचे गिऱ्हाईक मोजकेच.

एक गंमत म्हणजे पुरातत्त्व खात्याकडून तपासून घेतलं आणि एखादं नाणं नकली निघालं, तर 'अँटिक्विटी नाही' असं सर्टिफिकेट मिळतं आणि ते नाणं खुशाल लंडनला जाऊ शकतं! खरं निघालं तर जाणार नाही. स्वस्तात घेतलेल्या लॉटमध्ये हल्ली साच्यात ओतून केलेल्या प्रती भरपूर असतात, त्यामुळे तपासणी करून घ्यायला हरकत नाही. पण त्याआधी वर सांगितलेल्या वकिलाला विचारा, कारण अर्ज केला की नाणी रेकॉर्डवर येतात.

नाणी ज्यांच्याकडून घेतली त्यांना मुलाला एक गोष्ट विचारायला सांगा, यातलं एखादं इंग्लंडच्याच मातीतून निघालेलं होतं का? तसं असेल तर 50 वर्षांहून जुन्या तिथल्या उत्खननाच्या वस्तूला ब्रिटनबाहेर काढतानाच लायसन्स लागतं, आणि तुमच्याकडे ते नसेल तर लंडनचा ऑक्शनवालाही हाच प्रश्न विचारेल.

मुलालाच द्यायची इच्छा असेल तर मृत्युपत्रात प्रत्येक नाण्याचं वजन, फोटो आणि पावतीसह यादी जोडा. मालक लंडनला राहिला तरी चालतं, नाणी मात्र नाशिकच्या लॉकरमध्येच राहतील.