चिखल तुडवायला ऑरोव्हिलला?

प्रश्न: ताई, लेक आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलला मातीच्या बांधकामाचा कोर्स करायचाय म्हणते. फी भरून चिखल तुडवायला एवढ्या लांब कशाला? – एक आई, कोथरूड

उत्तर: अहो जाऊ द्या की! तिथली अर्थ (Earth, म्हणजे माती) इन्स्टिट्यूट १९८९ पासून हेच काम करतेय, मातीत साधारण ५ टक्के सिमेंट घालून मशीनमध्ये दाबून विटा पाडतात, भट्टीच नाही, मग चार आठवडे पाणी मारत बसायचं, आणि हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. फक्त मे महिना टाळा, घामानेच भिजेल पोरगी. बाकी तिथली रेसिपी इथे जशीच्या तशी चालणार नाही हं, आपली काळी माती पाण्याने फुगते नि उन्हात भेगाळते, त्यात वाळू-मुरूम मिसळावा लागतो. जायच्या आधी घरीच एक करायला सांगा, काचेच्या बाटलीत माती-पाणी हलवून रात्रभर ठेवायचं, खाली वाळू, मध्ये गाळ, वर चिकणमाती, थर स्पष्ट दिसतात. येताना जमलं तर तिरुवनंतपुरमला आर्किटेक्ट लॉरी बेकरांनी बांधलेलं इंडियन कॉफी हाऊस बघून या म्हणावं, गोल गोल वर चढत जाणारं, कॉफीपण मिळते.